तेलाचा तवंग आणि बोये: मुंबईच्या समुद्रावरील हवाई निरीक्षण कसे करावे

‘पश्चिमेला मोठ्या प्रमाणावर तेल पसरले आहे’ असा निरोप हेलिकॉप्टरमधून खाली येतो, तेव्हा तो ऐकणाऱ्याला त्यावरून काहीही करता येत नाही. तवंग नेमका कोठे आहे, किती लांब आहे, कोणत्या रंगाचा आहे आणि तो किती वाजता पाहिला, हे कळल्याशिवाय कोणती नौका कोठे पाठवायची आणि तरंगते अडथळे कोणत्या खाडीच्या तोंडाशी लावायचे, याचा निर्णय होत नाही. बोयांच्या, म्हणजे जलमार्ग आणि धोके दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, नोंदींचीही हीच गत असते. ‘बोया जागेवर नाही’ असे लिहिले जाते, पण तो किती सरकला आणि हे कशावरून ठरवले, हे लिहायचे राहून जाते. नव्या निरीक्षकांच्या नोंदी तपासताना त्याच चुका पुनःपुन्हा दिसतात. त्यातल्या बहुतेक चुका नजरेच्या नसतात; तयारी अपुरी असते किंवा कामांचा क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमानेच लिहिला आहे.

## १. आदल्या दिवशीची तयारी

सर्वप्रथम भरती-ओहोटीच्या वेळा काढाव्यात. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते, आणि उधाणाच्या दिवसांत भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. भांगाच्या दिवसांत हा चढउतार बराच कमी असतो. उड्डाणाच्या वेळी पाणी चढते आहे की उतरते आहे, हे निरीक्षकाला तोंडपाठ हवे, कारण तवंग बंदराच्या आत शिरणार की बाहेर जाणार हे मुख्यतः त्यावर ठरते, आणि बोया आपल्या जागेपासून किती दूर दिसावा हेही त्यावरच अवलंबून असते.

दुसरे काम हवामानाचे. मुंबईजवळच्या दोन मोठ्या घटना ऑगस्टमध्ये घडल्या. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजे बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, आणि ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘एमव्ही रॅक’ हे कोळशाचे जहाज किनाऱ्यापासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. सराव डिसेंबरच्या निरभ्र सकाळी होतो आणि प्रत्यक्ष काम मात्र खाली उतरलेल्या ढगांत, गढूळ पाण्यावर आणि नैर्ऋत्येच्या जोरदार वाऱ्यात करावे लागते. त्यामुळे पावसाळ्यातले एक तरी सराव-उड्डाण केल्याशिवाय निरीक्षकाला तयार समजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे काम परवानग्यांचे. जुहूहून निघणारे हेलिकॉप्टर मुंबई विमानतळाच्या नियंत्रित हवाई क्षेत्रातच उडते. शिवाय ट्रॉम्बे, नौदल गोदी आणि जवाहर द्वीप यांच्या परिसरात उड्डाणावर आणि छायाचित्रणावर निर्बंध असतात. हवाई छायाचित्रणाची परवानगी आधीच हातात असावी आणि कोठे कॅमेरा खाली ठेवायचा हे नकाशावर लाल रेषेने दाखवलेले असावे.

चौथे, सागरी नकाशा. त्यावर तवंगाचे शेवटचे ज्ञात ठिकाण, अपेक्षित प्रवास आणि त्या दिवशी तपासायचे बोये व दीपस्तंभ यांच्या खुणा करून घ्याव्यात. प्रत्येक बोयाचे नाव, रंग, आकार, शीर्षचिन्ह (माथ्यावर बसवलेली आकृती), दिव्याची लय (लागण्या-विझण्याचा क्रम) आणि नोंदलेले स्थान एका कागदावर लिहावे. नाविकांसाठीच्या ताज्या सूचना वाचल्याशिवाय ही यादी पक्की करू नये. एखादा बोया दुरुस्तीसाठी अधिकृतपणे काढलेला असतो, आणि आपण मात्र तो हरवल्याची वर्दी देऊन बसतो.

तपासणी: भरतीची वेळ, वाऱ्याचा अंदाज, परवानगीचा कागद, खुणा केलेला नकाशा आणि बोयांची यादी या पाच गोष्टींपैकी एकही राहिली असेल, तर उड्डाणाची वेळ पुढे ढकलावी.

## २. निघण्यापूर्वी

मांडीवर बांधायची लेखनपाटी, दोन पेन्सिली (ओल्या कागदावर पेन चालत नाही), स्टॉपवॉच, हातातले जीपीएस, कॅमेरा आणि ध्रुवीकृत काचांचा चष्मा एवढे साहित्य पुरेसे आहे. कॅमेऱ्याचे, जीपीएसचे आणि स्वतःच्या घड्याळाचे सेकंद जुळवून घ्यावेत. सर्व नोंदी भारतीय प्रमाणवेळेत करणार की जागतिक वेळेत, हेही निघण्यापूर्वीच ठरवावे. उपग्रहाच्या प्रतिमांवर जागतिक वेळ असते, आणि साडेपाच तासांचा हा फरक लक्षात न आल्यामुळे सकाळचा तवंग दुपारच्या तवंगाशी जोडला गेल्याचे मी पाहिले आहे.

जीपीएसवर स्थान अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश अशा पद्धतीने लावावे. १८ अंश ५०.३० मिनिटे आणि १८ अंश ५० मिनिटे ३० सेकंद या दोन नोंदी कागदावर जवळपास सारख्या दिसतात, पण प्रत्यक्षात त्यांच्यात सुमारे ३७० मीटरचे अंतर आहे. धुक्यात किंवा पावसात शोध घेणाऱ्या नौकेसाठी हे अंतर फार मोठे आहे.

खिडकीची काच आतून-बाहेरून पुसून घ्यावी. जीवरक्षक जॅकेट घालावे, पण विमानाच्या आत ते कधीही फुगवू नये. वैमानिकासोबत पाच मिनिटे बसून उंची, वळणांची दिशा आणि ‘येथून परत फिरायचे’ हा बिंदू ठरवावा. उंची आणि सुरक्षितता यांबाबत शेवटचा शब्द वैमानिकाचा असतो. निरीक्षकाने ‘थोडे खाली घ्या’ असा आग्रह धरू नये.

इशारा: नुकत्याच सांडलेल्या कच्च्या तेलातून ज्वलनशील आणि विषारी वाफा निघतात. अपघातग्रस्त जहाजाच्या वाऱ्याखालच्या बाजूने कमी उंचीवरून जाऊ नये. थंडीत शिवडी आणि ठाणे खाडीच्या परिसरात फ्लेमिंगोंचे मोठे थवे असतात. तेथे उंची राखावी.

## ३. दोन कामे, दोन फेऱ्या

सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे तवंग आणि बोये एकाच फेरीत पाहण्याचा प्रयत्न. तवंगासाठी सुमारे १,००० फुटांची उंची सोयीची असते, कारण तेथून त्याची पूर्ण आकृती नजरेत मावते. बोयाचे शीर्षचिन्ह मात्र थेट वरून ओळखता येत नाही. ते बाजूने आणि कमी उंचीवरून पाहावे लागते. दोन्ही एकदम करू पाहणाऱ्याच्या हाती दोन्हींच्या अर्धवट नोंदी येतात.

आधी तेल पाहावे, नंतर खुणा. तेल दर मिनिटाला सरकते आणि पसरते, बोया बहुधा तासाभरानेही तेथेच असतो. याला एकच अपवाद आहे. जलमार्गाच्या कडेचा बोया नाहीसा झाल्याचे किंवा मार्गात एखादी वस्तू तरंगत असल्याचे दिसले, तर हातातले काम थांबवून वैमानिकामार्फत बंदर नियंत्रण कक्षाला लगेच कळवावे. २०१० च्या टकरीनंतर तेल आणि जहाजावरून पडलेले कंटेनर एकाच पाण्यात होते आणि बंदराची वाहतूक थांबवावी लागली होती. अशा वेळी तरंगत्या कंटेनरची एक अचूक नोंद तवंगाच्या दहा छायाचित्रांपेक्षा मोलाची असते.

## ४. तवंग शोधणे आणि मोजणे

वारा तेलाला आपल्या दिशेने लांबट पट्ट्यांत ओढतो. त्या पट्ट्यांना समांतर उडत राहिलो, तर दोन पट्ट्यांमधल्या स्वच्छ पाण्यावरूनच पुढे निघून जाण्याचा धोका असतो. म्हणून शिडीच्या पायऱ्यांसारख्या, वाऱ्याला आडव्या रेषांत उड्डाण करावे आणि दोन रेषांमधले अंतर त्या दिवशीच्या दृश्यमानतेनुसार ठरवावे. सूर्य शक्यतो पाठीशी असावा. ध्रुवीकृत चष्म्याने पाण्यावरची चमक कमी होते, पण काही काचांमधून पाहताना त्यामुळे खोटे रंगही दिसतात. त्यामुळे प्रत्येक तवंग एकदा चष्म्यासह आणि एकदा चष्म्याशिवाय पाहावा.

लांबी-रुंदी डोळ्यांनी ठरवू नये, घड्याळाने मोजावी. समजा जीपीएसवर जमिनीसापेक्ष वेग ९० नॉट आहे, म्हणजे मिनिटाला दीड सागरी मैल. तवंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला २ मिनिटे १० सेकंद लागली, तर लांबी ३.२५ सागरी मैल, म्हणजे जवळपास ६ किलोमीटर झाली. आडवे जाताना ३२ सेकंद लागले, तर रुंदी सुमारे दीड किलोमीटर. येथे हवेतला वेग वापरला की हिशोब चुकतो; पावसाळी वाऱ्यात तर फारच चुकतो.

## ५. हे खरेच तेल आहे का?

एका मार्चमध्ये सकाळच्या उड्डाणात वेसाव्यासमोर मला वाऱ्याच्या दिशेने गेलेला, तपकिरी-करडा, लांबच लांब पट्टा दिसला. मी ‘तेल’ अशी वर्दी दिली. नौका निघाली, दोन तासांनी तेथे पोहोचली, आणि खलाशांनी बादलीत पाणी घेतले तेव्हा त्यात लाकडाच्या भुशासारखे बारीक तंतू तरंगत होते. ते ट्रायकोडेस्मियम नावाचे सूक्ष्म शैवाल होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी अरबी समुद्रात ते असे पट्टे करून पसरते. त्या दोन तासांत ती नौका दुसरीकडे हवी असती. तेव्हापासून मी ‘काय दिसले’ आणि ‘ते काय असावे’ या दोन गोष्टी कागदावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो, आणि तसेच करायला शिकवतो.

मुंबईच्या पाण्यात फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. ढगांच्या सावल्या वाऱ्याबरोबर सरकतात. एक मिनिट थांबून पाहिले की त्या ओळखू येतात. वरळी आणि वांद्रे येथे सांडपाणी समुद्राखालच्या बोगद्यांतून किनाऱ्यापासून काही किलोमीटर बाहेर सोडले जाते, आणि तेथे पाण्यावर गुळगुळीत डाग दिसतात. ठाणे खाडीच्या आणि धरमतरच्या तोंडाशी ओहोटीला गाळाचा पट्टा स्पष्ट कडेसह बाहेर येतो. वारा पडला की समुद्रावर जागोजागी आरशासारखे पट्टे उमटतात, पण ते तेलाचे नसतात.

गाळ आणि तेल यांतला फरक लहान लाटांवरून ओळखावा. गाळाचा रंग पाण्याच्या आत असतो आणि त्यावरून बारीक लाटा नेहमीसारख्या धावत राहतात. तेल पृष्ठभागावर असते आणि त्या लाटा दाबून टाकते, त्यामुळे कडेच्या आत पाणी एकाएकी मऊ दिसते. गढूळ पाण्यात रंगापेक्षा हीच खूण अधिक भरवशाची आहे. तरीही खात्री नसेल, तर दुसऱ्या दिशेने एक फेरी मारावी आणि मगच लिहावे.

## ६. रंगावरून जाडी, जाडीवरून प्रमाण

या टप्प्यावर घाई केली, तर पुढचे सगळे चुकते. उत्तर समुद्राच्या प्रदूषणाविरुद्ध युरोपीय देशांनी केलेल्या बॉन करारातील रंगसंहिता तवंगाच्या दिसण्यावरून त्याच्या जाडीचा अंदाज देते. रुपेरी-करडी चमक म्हणजे दर चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर तेल. इंद्रधनुषी रंग म्हणजे ३०० ते ५,००० लिटर. धातूसारखी झाक म्हणजे ५,००० ते ५०,००० लिटर. तेलाचा मूळ रंग तुटक-तुटक दिसत असेल, तर ५०,००० ते २,००,००० लिटर. आणि तो सलग दिसत असेल, तर त्याहून अधिक.

वरच्याच तवंगाचे उदाहरण घेऊ. ६ गुणिले १.५ म्हणजे ९ चौरस किलोमीटरचा चौकोन झाला. पण त्या संपूर्ण चौकोनावर तेल नसते. पट्ट्यांमधले स्वच्छ पाणी वगळून समजा ४० टक्के भाग तेलाखाली आहे, म्हणजे ३.६ चौरस किलोमीटर. त्यातला ८० टक्के भाग रुपेरी, १८ टक्के इंद्रधनुषी आणि अवघा २ टक्के तुटक मूळ रंगाचा आहे. रुपेरी भागात ११५ ते ८६४ लिटर, इंद्रधनुषी भागात १९४ ते ३,२४० लिटर, आणि त्या चिमूटभर काळपट भागात ३,६०० ते १४,४०० लिटर तेल निघते. एकूण बेरीज सुमारे ३,९०० ते १८,५०० लिटर होते.

हे आकडे नीट पाहिले की ध्यानात येते की बहुतेक सगळे तेल त्या २ टक्क्यांत आहे. म्हणून दूरवर पसरलेल्या रुपेरी चमकेच्या कडेचा पाठलाग करण्यात इंधन घालवू नये. दाट तेलाचा भाग शोधून त्याचेच स्थान आणि त्याचीच टक्केवारी काळजीने ठरवावी, कारण तेल गोळा करणाऱ्या नौकांना तेथेच नेमायचे असते. उलट, एक काळा डाग पाहून पूर्ण ३.६ चौरस किलोमीटर ‘मूळ रंगाचे’ असे लिहिले, तर कमीत कमी अंदाजच १,८०,००० लिटरवर जातो आणि नसलेल्या संकटासाठी सारी यंत्रणा हलते.

टक्केवारी ठरवताना सोबत आणखी एक निरीक्षक असेल, तर दोघांनी एकमेकांशी न बोलता आकडे लिहावेत आणि नंतर ते ताडून पाहावेत. धातूसारख्या झाकेत आकाशाचा रंग उमटतो, त्यामुळे ढगाळ दिवशी ती राखाडी दिसते आणि रुपेरी समजली जाते. म्हणून कोणताही रंग दुरून तिरक्या नजरेने ठरवू नये, तवंग जवळजवळ खिडकीखाली आल्यावर ठरवावा.

इशारा: लाटांच्या घुसळणीने तेलात पाणी मिसळले की विटकरी किंवा चॉकलेटी रंगाचा घट्ट लगदा तयार होतो. त्याला ही रंगसंहिता लागू पडत नाही. त्याचे क्षेत्र आणि रंग लिहावा, लिटरचा आकडा देऊ नये.

एखाद्या चालत्या जहाजामागे तवंग दिसला, तर जहाजाचे नाव, दिशा, अंदाजे वेग आणि वेळ नोंदवावी. छायाचित्रांत जहाजामागचे तेल तर हवेच, पण जहाजापुढचे स्वच्छ पाणीही हवे. पुढचे पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा नसेल, तर ते जहाज आधीच पडलेल्या तेलातून जात होते असे म्हणायला जागा राहते.

## ७. बोये आणि दीपस्तंभ

आता उंची कमी करून दुसरी फेरी घ्यावी. भारतात बोयांची ‘अ’ विभागाची पद्धत आहे. समुद्रातून बंदरात येताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला असतात. हवाई निरीक्षक मात्र बहुधा किनाऱ्याकडून समुद्राकडे निघालेला असतो, त्यामुळे त्याला हे उलटे दिसते आणि ‘बोयांची अदलाबदल झाली’ अशी चुकीची नोंद होते. जलमार्गाची तपासणी नेहमी बाहेरून आत येताना करावी. हा गोंधळ मुळातच होत नाही.

धोक्याच्या कोणत्या बाजूला सुरक्षित पाणी आहे हे सांगणाऱ्या दिशादर्शक बोयांवरचे दोन काळे शंकू बाजूने पाहावेत. दोन्ही टोके वर म्हणजे उत्तर, दोन्ही खाली म्हणजे दक्षिण, तळ एकमेकांना लागलेले म्हणजे पूर्व, टोके एकमेकांकडे म्हणजे पश्चिम. पक्ष्यांच्या विष्ठेने पिवळा-काळा रंग पांढरट झालेला असतो, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. सौरपटल, शिडी, बोयाचे कलणे आणि पाण्याच्या रेषेवर बसलेले तेल यांचीही नोंद घ्यावी.

स्थान तपासताना दोन चुका होतात. पहिली वेळेची. १०० नॉट वेगाने हेलिकॉप्टर सेकंदाला सुमारे ५१ मीटर पुढे जाते. बटण दाबायला दोन सेकंद उशीर झाला की बोया कागदावर १०० मीटर सरकतो. यावर उपाय असा की बोयावरून एकदा एका दिशेने आणि एकदा बरोबर उलट दिशेने जावे, आणि दोन्ही स्थानांचा मध्य घ्यावा. दुसरी चूक साखळीची. बोया तळाशी साखळीने बांधलेला असतो आणि साखळीची लांबी पाण्याच्या खोलीपेक्षा बरीच जास्त असते. ओहोटीला पाणी उथळ झाले की त्याचा फिरण्याचा घेर वाढतो. भरतीचा प्रवाह त्याला एका बाजूला ओढतो आणि ओहोटीचा विरुद्ध बाजूला. म्हणून नोंदलेल्या स्थानापासून काही मीटरांचा फरक दिसताच ‘सरकला’ असे लिहू नये. फरक, प्रवाहाची दिशा आणि भरतीची स्थिती या तिन्ही गोष्टी लिहाव्यात.

कुलाब्याच्या दक्षिणेचा प्राँग्ज दीपस्तंभ आणि बंदरातला संक रॉकचा दीपस्तंभ खडकांवर उभे आहेत. त्यांचा पाया ओहोटीलाच नीट दिसतो, तेव्हा त्यांची पाहणी त्याच वेळेला धरावी. दिव्याची लय भर दिवसा तपासता येत नाही. संध्याकाळी तपासताना स्टॉपवॉचने एका पूर्ण आवर्तनाचा नव्हे, तर लागोपाठ तीन आवर्तनांचा वेळ मोजावा.

## ८. तवंग कोठे जाईल

तेल प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने आणि वाऱ्याबरोबर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकते. येथे एक भाषिक सापळा आहे: वाऱ्याचे नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून पडते, प्रवाहाचे मात्र तो जिकडे जातो त्या दिशेवरून. नैर्ऋत्येचा २० नॉट वारा तेलाला ईशान्येकडे ०.६ नॉट वेगाने ढकलतो. त्याच वेळी भरतीचा प्रवाह ईशान्येकडे दीड नॉट असेल, तर तेल ताशी २.१ सागरी मैल आत सरकेल. ओहोटीला हाच हिशोब उलटून ते ताशी ०.९ मैल बाहेर जाईल. प्रवाह सुमारे सहा तासांनी फिरतो, म्हणून एका भरतीचा वेग दिवसभरासाठी गुणू नये. हैदराबादची ‘इनकॉइस’ ही संस्था तेलाच्या प्रवासाचे संगणकीय अंदाज देते. आपला हिशोब हा त्या अंदाजाला पर्याय नसून तो येईपर्यंतच्या पहिल्या दोन-तीन तासांसाठीचा आधार आहे.

अपेक्षित मार्गात तिवरे असतील (उरण, घारापुरी, शिवडी), तर ते अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहावे. तिवरांच्या मुळांत शिरलेले तेल काढता काढता मुळांचीच हानी होते; ते आत शिरण्यापूर्वीचे दोन तास हाच खरा अवधी असतो.

## ९. अहवाल

पहिला अहवाल हवेतूनच तोंडी द्यावा: वेळ, स्थान, लांबी-रुंदी, झाकलेला भाग, रंगांची टक्केवारी, दाट तेलाचे स्वतंत्र स्थान, वारा, भरती. हा क्रम बदलू नये, कारण ऐकणारा त्याच क्रमाने लिहून घेत असतो. तेलगळतीच्या प्रतिसादाचे समन्वयन भारतीय तटरक्षक दलाकडे असते आणि त्यांचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आहे. बंदर हद्दीतली बाब संबंधित बंदर नियंत्रण कक्षालाही कळवावी. दीपस्तंभांतील दोष दीपस्तंभ आणि दीपनौका महासंचालनालयाकडे लेखी पाठवावेत.

लेखी अहवालात प्रमाणाचा एकच आकडा देऊ नये. किमान आणि कमाल असे दोन्ही द्यावेत आणि ज्या टक्केवारीवरून ते आले ती सोबत लिहावी. छायाचित्रे मूळ स्वरूपात जपावीत, उजळ केलेली प्रत वेगळी ठेवावी. आकाशातला मूळ पेन्सिलीचा कागद, खाडाखोडीसकट, अहवालाला जोडावा. तो नव्याने स्वच्छ लिहून काढू नये. उतरल्यावर तासाभराच्या आत हे सर्व पूर्ण करावे, आणि पुढच्या उड्डाणाचा निरीक्षक वेगळा असेल, तर त्याला दाट तेलाचे शेवटचे स्थान आणि वेळ समोरासमोर सांगून, नकाशावर त्याच्याच हाताने खूण करून घ्यावी.